कलम २९९ (जुने २९५अ) : धर्मभावना दुखावणे हा गुन्हा राहावा का?

निशिगंध

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा राजद्रोहाच्या कलमाचे काय झाले यावर भरपूर बोलले गेले. दंडविधानातले २९५अ मात्र २९९ हा नवा क्रमांक घेऊन जवळजवळ जसेच्या तसे नव्या कायद्यात आले, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. 'इलेक्ट्रॉनिक माध्यमातून' एवढे शब्द वाढले. शिक्षा तीच: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा पूर्वीसारखाच दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र.

माझ्या मते हे कलम जावे. दोन गटांत वैर पेटवणाऱ्यासाठी कलम १९६ (जुने १५३अ) आहे. प्रार्थनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची नासधूस करणाऱ्यासाठी २९८, धार्मिक सभेत गोंधळ घालणाऱ्यासाठी ३००, दफनभूमीत घुसणाऱ्यासाठी ३०१. ही सगळी कलमे माणसांना आणि त्यांच्या जागांना जपतात. २९९ श्रद्धेला जपते, आणि श्रद्धा तपासून पाहण्याचा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे. राज्यघटनेच्या १९(२) मध्ये भाषणावर बंधन घालायची कारणे मोजून दिली आहेत. त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे (तीही १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली), पण 'धर्म' हे कारण नाही.

ज्यांना हे कलम हवे आहे त्यांनी सांगावे: १९६ असताना २९९ कशासाठी लागते?

उंबरठा

राहावा. कलम काढले की दुखावलेला माणूस पोलीस ठाण्याऐवजी रस्त्यावर जाईल. तक्रार करायला एक दार उघडे असणे हीच सुव्यवस्था आहे.

निरीश्वर

@उंबरठा, मग ज्याच्याकडे माणसे जमवायची ताकद जास्त, त्याच्या भावनांना संरक्षण जास्त, असे होते. एस. रंगराजन वि. पी. जगजीवन राम (१९८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की विरोधी जमावाला आवरता येत नाही अशी सबब राज्याला सांगता येणार नाही. बोलणाऱ्याला संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. बोलणे आणि दंगल यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट हवा, हेही त्याच निकालात आहे.

संहितावाचक

मूळ प्रश्नाआधी कलम नीट वाचू या. पुष्कळांना वाटते की 'माझी भावना दुखावली' एवढे सिद्ध झाले की पुरे. तसे नाही.

फिर्यादी पक्षाला दाखवावे लागते की आरोपीने नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा अपमान केला किंवा तसा प्रयत्न केला, आणि त्या वर्गाच्या धर्मभावना भडकवण्याच्या जाणीवपूर्वक व दुष्ट हेतूने केला. दोन्ही विशेषणे लागतात. जाणीवपूर्वक असून दुष्ट नसेल तर गुन्हा होत नाही. रामजीलाल मोदी वि. उत्तर प्रदेश (१९५७) या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम वैध ठरवले ते याच आधारावर: प्रत्येक अपमान यात येत नाही, फक्त अपमानाचे उग्र रूप येते. महेंद्रसिंह धोनी वि. येरागुंटला श्यामसुंदर (२०१७) मध्ये तेच पुन्हा सांगितले. मासिकाच्या मुखपृष्ठावर देवतेच्या रूपातले चित्र होते. निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अपमान या कलमात बसत नाही म्हणून तक्रार रद्द झाली.

मोजायचे कसे, याचाही दंडक ठरलेला आहे. १९४७ च्या निकालसंग्रहातल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या नजरेने पाहायचा. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या माणसाच्या नजरेने नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक १९८८ मध्ये उचलला आणि मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात पुन्हा लावला.

सांजवात

+१. या प्रतिसादाची खूण करून ठेवली.

पूर्वसूर

@निशिगंध, '१९६ असताना २९९ कशासाठी' हा प्रश्न १९२७ मध्ये लाहोरला शब्दशः उभा राहिला होता.

राजपाल नावाच्या प्रकाशकाने १९२४ मध्ये पैगंबरांवर एक पुस्तिका काढली. त्याच्यावर १५३अ लावले. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या न्या. दलीप सिंह यांनी त्याला सोडले. मजकूर त्यांनाही आक्षेपार्ह वाटला होता, पण दिवंगत धर्मपुरुषावरची टीका, ती कितीही वाईट असली तरी, दोन वर्गांत वैर वाढवण्याच्या कलमात बसत नाही असे त्यांनी ठरवले. त्यावर मोठे आंदोलन झाले आणि सप्टेंबर १९२७ मध्ये २९५अ आले. राजपालचा १९२९ मध्ये खून झाला. @उंबरठा यांनी हेही ध्यानात घ्यावे: कलम आले, तरी माणूस वाचला नाही.

दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने अमृतसरच्या 'रिसाला-इ-वर्तमान' प्रकरणात १५३अ खालीच शिक्षा दिली. म्हणजे जी फट बुजवायला नवे कलम आणले, ती फट होती की एका न्यायाधीशाचे वाचन होते, हे तेव्हाच वादाचे झाले होते.

'जाणीवपूर्वक व दुष्ट हेतू' हे शब्द प्रवर समितीने घातले. समितीत जीना होते. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना आणि इतिहास लिहिणाऱ्यांना धक्का लागू नये अशी भूमिका त्यांनी विधिमंडळात मांडली होती. मूळ शिक्षा दोन वर्षे होती, १९६१ च्या दुरुस्तीने तीन झाली.

आणि आपल्यासाठी महत्त्वाची तारीख: २५ डिसेंबर १९२७, महाड. कलम येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि बाबासाहेबांच्या सत्याग्रह परिषदेत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर मनुस्मृतीचे दहन झाले. जाणीवपूर्वक होते का? पूर्णपणे. एका वर्गाच्या भावना भडकल्या का? निश्चित. मग तो गुन्हा होता का?

उंबरठा

@पूर्वसूर, नव्हता, आणि कलमाच्याच शब्दांमुळे नव्हता. हेतू समतेचा होता, दुष्ट नव्हता. त्या ग्रंथाच्या नावाने ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांनी तो नाकारला. तुमचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे: प्रामाणिक बंड आणि नुसता हिणकस मारा यांत कलम फरक करते.

निरीश्वर

फरक न्यायालय करते. ठाणे अंमलदार करत नाही. शिवाय दुष्ट हेतू सिद्ध कशाने होतो? काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे की कायदेशीर सबब नसताना जाणूनबुजून केलेल्या इजाकारक कृतीवरून तो गृहीत धरता येतो. म्हणजे दुसरे विशेषण पहिल्यातच विरघळते, आणि मग महाडच्या माणसाला 'माझी सबब समतेची होती' हे स्वतःच सिद्ध करावे लागते.

रामजीलाल मोदीतली खरी अडचण वेगळी आहे. अशा अपमानाची सुव्यवस्था बिघडवण्याकडे प्रवृत्ती असते एवढ्यावर न्यायालय थांबले. तीनच वर्षांनी राममनोहर लोहिया खटल्यात (१९६०) न्यायालयाने म्हटले की बोलणे आणि सुव्यवस्था यांचा संबंध जवळचा हवा, दूरचा चालणार नाही. श्रेया सिंघल (२०१५) मध्ये चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तिघांत चिथावणीच तेवढी दंडनीय मानली. ही मोजपट्टी २९९ ला लावली तर कलम टिकू नये. पण १९५७ चे पीठ पाच जणांचे असल्याने लहान पीठ ते मोडू शकत नाही.

मधुमालती

मला वाटते आपण निकालांवर बोलत राहिलो आणि नुकसान नेमके कुठे होते ते बाजूला राहिले. या कलमाखाली शिक्षा होणे हा शेवटचा टप्पा. माणूस मोडतो तो पहिल्या टप्प्यात. क्रमाने सांगते.

तक्रार कुणीही करू शकतो, तो स्वतः दुखावलेला असलाच पाहिजे असे नाही. 'झिरो एफआयआर'मुळे कुठल्याही ठाण्यात देता येते. गुन्हा दखलपात्र असल्यामुळे ललिता कुमारी निकालानुसार (२०१३) नोंद बंधनकारक. येथे एक खिडकी आहे: फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे, १७३(३) (खाली दिलेली प्रक्रियेची कलमेही याच संहितेतली). तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २९९ ची कमाल शिक्षा बरोबर तीन वर्षे, म्हणून ते यात बसते. भाषणाच्या गुन्ह्यांत ही चौकशी करणेच उचित, असे प्रतापगढी निकालात आहे. वकिलाने पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन याची आठवण करून द्यावी.

अटक: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अर्नेश कुमार निकाल (२०१४) लागू होतो. आधी ३५(३) ची नोटीस यायला हवी. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारणे लिहावी लागतात. भीती वाटत असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अधिकार होता, तो आता ५२८ मध्ये आहे. अर्जावर क्रमांक उलटसुलट पडतात.)

फोन जप्त होतो आणि महिनोन्महिने परत मिळत नाही. कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

सर्वांत मोठा घोळ मंजुरीचा. कलम २१७ (जुन्या प्रक्रिया संहितेतले १९६) सांगते की केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेणार नाही, म्हणजे खटला सुरू करणार नाही. ही चाळणी मुद्दाम ठेवली आहे. पण ती दखल घेण्याच्या वेळी लागते. गुन्हा नोंदवायला, अटक करायला, फोन घ्यायला मंजुरी लागत नाही. त्यामुळे चाळणी येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची, आणि मंजुरी मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो.

सांजवात

एकाच मजकुरावर चार राज्यांत गुन्हे दाखल झाले तर?

मधुमालती

@सांजवात, उच्च न्यायालय आपल्या राज्यातला गुन्हा रद्द करते, दुसऱ्या राज्यातला नाही. मग अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाऊन ते एकत्र करून घ्यावे लागतात. टी. टी. अँटनी निकाल (२००१) सांगतो की एकाच घटनेवर दुसरा एफआयआर चालत नाही. अमिश देवगण प्रकरणात (२०२०) न्यायालयाने गुन्हे रद्द करायला नकार दिला, पण सगळे अजमेरला एकत्र पाठवले. अर्ज करताना नुसता स्क्रीनशॉट लावू नये. पूर्ण मजकूर, आधीचे-नंतरचे संवाद आणि तारीख लावावी. स्क्रीनशॉटमध्ये संदर्भ कापलेला असतो आणि हेतू संदर्भावरूनच ठरतो.

उंबरठा

प्रक्रिया वाईट आहे हे मान्य. पण त्यावरून कलमच काढा हा निष्कर्ष निघत नाही. दुसरी बाजू बघा. एखाद्या छोट्या समाजाच्या श्रद्धास्थानाची रोज घाण भाषेत टवाळी होते, कुणी कुणाला मारायला सांगत नाही, म्हणून १९६ लागत नाही. त्या समाजाने काय करायचे? मोठ्या समाजाला कलमाची गरजच पडत नाही. ते दुबळ्याला लागते.

रानवाट

@उंबरठा यांची कळकळ मला पटते, तरी शेजारच्या पाकिस्तानचा अनुभव उलटा आहे. २९५अ तिथेही हेच होते, एकाच कायद्यातून आलेले. १९८२ मध्ये २९५ब (कुराणाची विटंबना) आले, १९८६ मध्ये २९५क (पैगंबरांचा अपमान). २९५क मध्ये हेतूचा शब्दच नाही; 'अप्रत्यक्षपणे, सूचकपणे' केलेला अपमानही पुरतो. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप होती; १९९० मध्ये तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने फाशीच ठेवली. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईला २०१० मध्ये फाशी सुनावली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तिच्या बाजूने बोलणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर २०११ मध्ये मारले गेले. कलमाने दुबळ्याला वाचवले नाही, दुबळ्याच्याच हातात बेड्या पडल्या.

युरोपात आणि कॅनडात प्रवाह दुसरीकडे गेला. इंग्लंडमध्ये ईशनिंदेचा गुन्हा फक्त ख्रिस्ती धर्मापुरता होता. १९७७ च्या खटल्यात तर हेतू सिद्ध करायचीही गरज नाही असे ठरले. २००८ मध्ये तो रद्द झाला. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन घटनेतून काढला, कॅनडाने त्याच वर्षी. डेन्मार्कने २०१७ मध्ये काढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांची विटंबना रोखणारा नवा कायदा केला, कारण कुराण जाळण्याच्या घटनांनी देशाची सुरक्षा धोक्यात येते असे सरकारचे म्हणणे होते. एकदा काढले की विषय संपतो असे नाही.

संहितावाचक

डेन्मार्कच्या कायद्याला आपल्याकडे जवळचे कलम २९८ आहे, २९९ नव्हे. ते वस्तूच्या विटंबनेचे आहे. १९५३ मध्ये पेरियार यांनी मातीची गणेशमूर्ती फोडली, तो खटला १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयांचे म्हणणे होते की प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती 'पवित्र वस्तू' नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले: एखादा वर्ग जिला पवित्र मानतो ती वस्तू पवित्र, प्रतिष्ठा झालेली असो वा नसो. तरीही मधे गेलेल्या वर्षांमुळे खटला पुढे चालवला नाही.

पूर्वसूर

अवांतर, पण पुस्तकबंदीचा उल्लेख हवाच. सरकारला लेखकावर खटला न भरता पुस्तक जप्त करता येते: नागरिक सुरक्षा संहिता ९८ (जुने ९५). नुसती अधिसूचना पुरते. मात्र अधिसूचनेत मताची कारणे लिहावी लागतात. मजकूर उतरवून 'आक्षेपार्ह' म्हटले की झाले असे नाही. ललई सिंह यादव खटल्यात (१९७६) बंदीचा आदेश रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने कायम ठेवला तो याच कारणावरून: कारणे दिली नव्हती, आणि सरकारने नंतर ती न्यायालयात सांगून चालत नाही. कलम ९९ खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज, आणि सुनावणी तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे. दोन महिन्यांची मुदत बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ती निघून जाते.

महाराष्ट्रात दोन्ही प्रकारचे निकाल आहेत. शिवचरित्रावरच्या एका पुस्तकाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते कायम ठेवले. कोणत्या दोन समाजांत वैर वाढते हे अधिसूचनेत सांगितलेच नव्हते. त्याच २०१० मध्ये आर. व्ही. भसीन प्रकरणात मात्र मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. धर्मावर टीका करता येते हे मान्य करून, तो मजकूर चिकित्सेच्या पलीकडचा ठरवला.

निरीश्वर

@उंबरठा यांच्या दुबळ्या समाजाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले. श्रद्धेची टवाळी आणि समाजाविरुद्धचा द्वेष वेगळे करायचे निकष तयार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१२ मध्ये झालेल्या रबात कृती आराखड्यात सहा गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: परिस्थिती, बोलणाऱ्याचे स्थान, हेतू, मजकूर व त्याचे रूप, प्रसार, आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता. एखाद्या वस्तीत तणाव असताना हजारोंचा जमाव हाताशी असलेल्या पुढाऱ्याने 'यांचा देव असा, म्हणून हे लोक तसे' म्हणणे, आणि एका निबंधात त्याच देवाची चिकित्सा करणे, यांत सहापैकी पाच गोष्टी बदलतात. पहिला माणूस १९६ मध्ये सापडतो. त्याला १९६ लावले जात नाही, ही तक्रार योग्य आहे. ती अंमलबजावणीची आहे.

उंबरठा

हे मला बरेच पटले. पण तणाव असताना पोलिसांना काहीच करता येणार नाही अशी अवस्था नको.

निशिगंध

सगळे प्रतिसाद वाचले. मधुमालतींच्या मुद्द्यामुळे माझी मागणी जरा बदलते. कलम आज जाणार नसेल तर त्याचे वर्गीकरण बदलावे. त्याच प्रकरणातले ३०२ (जुने २९८), म्हणजे एखाद्याच्या धर्मभावना दुखावण्यासाठी मुद्दाम बोलणे, अदखलपात्र आहे, जामीनपात्र आहे आणि आपसांत मिटवताही येते. २९९ अदखलपात्र केले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(२) प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकणार नाहीत, वॉरंटशिवाय अटक करू शकणार नाहीत. शिवाय २१७ ची मंजुरी गुन्हा नोंदवण्याआधी आणावी.

उंबरठा, तणाव आवरायला त्याच संहितेतले जमावबंदीचे १६३ (जुने १४४) आणि प्रतिबंधक अटकेचे १७० (जुने १५१) आहेतच. त्यांना २९९ लागत नाही.

संहितावाचक

पहिल्या भागासाठी न्याय संहितेला हातही लावावा लागत नाही. दखलपात्र-जामीनपात्र हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ठरते. २९९ च्या ओळीतले दोन रकाने बदलायचे. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणून राज्य विधिमंडळही अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींच्या संमतीने हे करू शकते. मंजुरीची वेळ बदलायला मात्र २१७ चा मजकूरच बदलावा लागेल, आणि तिथे एक प्रश्न सोडवावा लागेल: मंजुरी देणारे सरकारच, मग सत्तेतल्या पक्षाला नकोसा असलेला लेखक या चाळणीतून कसा सुटणार? त्यापेक्षा दंडाधिकाऱ्याचा आदेश बरा.

उंबरठा

अनुसूचीतल्या बदलाला माझी हरकत नाही. १९६ दखलपात्र राहू द्या.

मधुमालती

मग मिटवता येण्याचा रकानाही धरा. ३०२ मध्ये ज्याची भावना दुखावायची होती तोच मिटवू शकतो, म्हणून तिऱ्हाईत तक्रारदाराचा हट्ट तिथे चालत नाही. २९९ मध्ये वर्ग दुखावतो, तेव्हा वर्गाच्या वतीने मिटवणार कोण, हे मसुद्यात आधी लिहावे लागेल.